पोराच्या कपाळावरचा हात

१

संत ज्यूडच्या मूर्तीमागं ठेवलेलं कार्ड गेलं, हे ओफेलियाबाईंना सोमवारी सकाळी मेणबत्ती लावताना कळलं. त्या किंचाळल्या नाहीत. मूर्ती उचलून पाहिली, खालचा विणलेला रुमाल झटकला, फुलदाणीतल्या पाण्यातसुद्धा बोटं घालून पाहिली. मग तोमासा सामारिपाला फोन लावून एवढंच म्हणाल्या, "ये. आत्ता ये."

तोमासा आली ती धापा टाकत, मागच्या दारानं. सरहद्दीवरच्या सान एलोयमध्ये ओळखीची माणसं स्वैपाकघराच्याच दारानं येतात. पुढचं दार पाद्री, पोस्टमन आणि शवपेटी यांच्यासाठी. ओफेलियाबाईंच्या स्वैपाकघराचं दार मात्र नवं होतं आणि जुन्या चौकटीत ते काही केल्या मिसळत नव्हतं. जुनं दार दोन वर्षांपूर्वी फोडलं गेलं होतं.

या तोमासाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. ती शूर वगैरे अजिबात नव्हती. आयुष्यभर कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहिली, आरोपी रडला की भाषांतर करताना हीसुद्धा रडायची. साखरेचा आजार, सुजलेले पाय, आणि गाडी बंद पडून परसात उभी. आता वकिलांसाठी साक्षीदार शोधून काढायची, लोकांना बोलतं करायची. लोक तिच्याशी बोलत, कारण आपल्याइतकीच हीसुद्धा घाबरलेली आहे हे त्यांना दिसायचं.

"कुणाला सांगितलं होतंस कार्डाचं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," ओफेलियाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "काल जेवताना. आनंदाच्या भरात. जीभ झडो माझी!"

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बिनकागदांची माणसं पकडणाऱ्या केंद्राच्या पथकातली पाच माणसं, डोळ्यांपर्यंत तोंडं बांधलेली, हे दार फोडून आत आली. हवा होता तो माणूस मागच्या गल्लीत राहायचा. ओफेलियाबाई चर्चला गेल्या होत्या; त्यांचा मुलगा लिब्रादो शेगडीपाशी अंडी परतत होता. "वॉरंट दाखवा," म्हणाला. जन्म इथला, शाळा इथली, त्याला वाटलं आपल्याला विचारायचा हक्क आहे. त्यांच्याकडं वॉरंट नव्हतंच. पाचांपैकी एकानं त्याचं डोकं शेगडीच्या कडेवर आपटलं. तेव्हापासून लिब्रादो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसतो. बोलत नाही. घास भरवावा लागतो.

त्या झटापटीत त्याच्या बायकोचा, आरासेलीचा, फोन शेगडीखाली सरकला होता. ती पोराचा व्हिडिओ काढत होती, ते तसंच चालू राहिलं. फोन तुटला, भिजला, दोन वर्षं खोक्यात पडून राहिला. गेल्या शनिवारी दुरुस्तीवाल्यानं त्यातला आवाज कसाबसा एका मेमरी कार्डावर उतरवून दिला. कुणी ऐकला नव्हता. वकीलबाई सोमवारी ह्यूस्टनहून येणार, त्यांच्यासमोरच ऐकायचा असं ठरलं होतं.

वकीलबाई कॉरिन ॲशबी फोनवर अक्षरशः ओरडल्या. "शुक्रवारी मुदत संपते! तोमासा, तुला माहितीये ना? सरकारवर हा दावा लागतच नाही, माणसावर लागतो. त्याच्या नावावर. 'तोंड बांधलेला अज्ञात अधिकारी' म्हणून मी दावा दाखल करून ठेवलाय, पण शुक्रवारपर्यंत त्या जागी नाव घातलं नाही तर सगळं संपलं. असे दावे कोर्टं हल्ली उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. आपला टिकला तर एवढ्यासाठीच की ते वॉरंटशिवाय घरात घुसले. मला एक नाव दे!"

"आणि पथकवाले?"

"त्यांचं ठरलेलं उत्तर. सुरक्षेच्या कारणास्तव नावं देता येत नाहीत."

तोमासानं फोन ठेवला. रविवारी जेवायला बाहेरचे तिघेच होते. जेवण झाल्यावर तिघांनीही, रिवाजाप्रमाणं, एकेकट्यानं आत जाऊन मूर्तीपुढं मेणबत्ती लावली होती. एक शेजारचा म्हातारा आन्सेल्मो, केंद्राच्या वर्दीतून निवृत्त झालेला. दुसरा ओफेलियाबाईंचा भाचा हेर्मिलो, पुलावर ट्रक तपासणारा. तिसरा नोए, त्यांचा धर्मपुत्र. तो केंद्राच्याच कचेरीत वरच्या मजल्यावर टेबलाशी बसतो असं सांगायचा. यात नवल काही नव्हतं. त्या गावात अर्ध्या घरांतला एकेक जण वर्दीत आणि उरलेली घरं वर्दीला भिऊन.

खिडकीशी लिब्रादोचे गुडघे थरथरत होते. ओफेलियाबाई त्याच्या मांडीवर गोधडी घालत म्हणाल्या, "कालपासून चाललंय. डॉक्टर म्हणतात झटके आहेत. रविवारी येतात."

"रविवारीच?"

"दर रविवारी," ओफेलियाबाई म्हणाल्या. मग त्यांचा हात गोधडीवर थांबला आणि त्या तोमासाकडं बघत राहिल्या.

२

आरासेली कांद्याच्या वखारीत कामाला जायच्या घाईत होती. दाराशी तिची भरलेली पिशवी टांगलेली असायची, कपडे, औषधं, पोराचा जन्मदाखला. रात्री-अपरात्री पळावं लागलं तर. पोर म्हणजे तानो, त्या दिवशी मांडीवर होता, आता घरभर धावत होता. मनगटाला तांबडा दोरा आणि त्यात काळी बी ओवलेली, दृष्ट लागू नये म्हणून.

"मला परत परत तेच विचारू नका हो," आरासेली तानोचे बूट बांधत म्हणाली. "दाव्यात सगळं लिहिलंय ना बाईंनी?"

"बाईंनी लिहिलंय, 'एका अधिकाऱ्यानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मातेस धमकावलं.' तू असंच सांगितलं होतंस?"

"मी म्हटलं, त्यानं तानोच्या कपाळावर हात ठेवला. धमकावलं हे त्यांनीच घातलं. आणि तोंड बांधलेला माणूस पोराला हात लावतो, तो काय लाडानं लावतो?"

"मारला का हात? दाबला?"

"नाही." आरासेलीचा बुटाच्या नाडीवरचा हात मंदावला. "तानो त्याच्याकडं बघून हसला. तो बघतच राहिला. मग हातमोजा काखेत धरून ओढला, आणि उघडा हात कपाळावर टेकवला. अगदी हलका. माझा जीव चाललेला, मी डोळेच मिटून घेतले; त्यांच्या ओरड्यात कानांवरही काही पडलं नाही."

तोमासा खुर्चीतून पुढं सरकली. "हातमोजा काढला? हे आधी का नाही बोललीस?"

"कुणी विचारलंच नाही. बाई विचारत होत्या, पिस्तूल कुठं होतं."

बिचाऱ्या ॲशबीबाई! ह्यूस्टनच्या. शिकल्यासवरलेल्या, मायाळू, पण पोराचं कौतुक वाटलं की त्याला हात लावावा लागतो, नाहीतर त्याला दृष्ट लागते, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नसणार. आणि लावायचा तो उघडा हात, कातडीला कातडी. कापडातून दृष्ट उतरत नाही. नदीकाठच्या या गावांत हे पाळण्यातच शिकवतात. बाजारात अनोळखी बाईसुद्धा म्हणते, "काय गोड लेकरू, हात लावू दे गं बाई," आणि आई पोर पुढं करते.

इतके दिवस तोमासा उत्तरेकडच्या, लालबुंद मानेच्या कुणा परक्याचं चित्र डोळ्यांपुढं धरून बसली होती. परक्याची भीती वेगळी असते. त्याला दार लावून बाहेर ठेवता येतं.

"आरासेली," ती हळूच म्हणाली, "तो आपल्यातलाच आहे. इथं जेवून जाणारा."

आरासेलीनं उठून नव्या दाराची साखळी लावली.

"हातमोज्याचं कुणाजवळ बोलली आहेस?"

"आज तुमच्याजवळ."

"मग आता कुणाजवळही बोलू नकोस. आणि तानोला आज माझ्याबरोबर दे."

३

म्हातारा आन्सेल्मो मेस्कीटच्या झाडाखाली मासे साफ करत होता. तानोला बघून त्यानं सुरी बाजूला ठेवली. "काय रे लबाडा, कुणाचे डोळे चोरून आणलेस एवढे मोठे?" असं म्हणत ओले खवलेवाले हात विजारीला पुसून पोराचे केस विस्कटले.

"कार्ड तुम्ही घेतलंत का?" तोमासानं सरळच विचारलं. भित्री माणसं कधीकधी असं एकदम विचारून मोकळी होतात.

"हो तर! पत्ते खेळायला." म्हातारा हसला, मग हसणं आवरलं. "माझ्या नोकरीत मी खूप वाईट गोष्टी पाहिल्या, तोमासा. एकदोन केल्याही. पण आमच्या छातीवर नाव असायचं. शिवी द्यायची तर लोक नाव घेऊन द्यायचे. आता तोंड बांधतात. तोंड बांधलं की हात सुटतो."

"त्या दिवशी पथकात आपल्या गावचं कोण होतं?"

"ते मला कोण सांगणार? आणि कळलं तरी मी..." त्यानं सुरी उचलली, पाती बघितली, परत ठेवली. "माझी पेन्शन आहे गं. मला विचारू नकोस."

हेर्मिलो पुलाजवळच्या टपरीवर सापडला. तोमासाला पाहताच त्याचा चेहरा उतरला. या हेर्मिलोवरच तिचा खरा संशय होता. त्यानं आत्याला दोनदा दावा मागं घ्यायला सांगितलं होतं, आणि गेला महिनाभर ओफेलियाबाईंच्या कुंपणाबाहेर संध्याकाळी एक पांढरी गाडी उभी राहायची, तशीच गाडी त्याच्याकडं होती.

"ती तुझीच ना रे गाडी?"

"हळू बोला!" त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "माझीच. मग काय करू? आत्या ऐकत नाही. कुणी परत आलं तर? मी बाहेर बसून राहतो. वर्दीत असलेला माणूस वर्दीवाल्यांपासून घर राखतोय, सांगा कुणाला सांगू? बायको म्हणते, तुला कुठं बाई ठेवलीय का." आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते लपवायला तो वाकला आणि तेलकट बोटांनी तानोचा गाल ओढला. "गुबगुबीत झालायस रे बेट्या! देव राखो."

तोमासा रस्त्यावर आली. ऑक्टोबर असूनही ऊन मी म्हणत होतं. दोघांनीही हात लावला होता, आणि लावताना दोघांच्याही मनात काही आलं नव्हतं. जसं शिंकल्यावर हात नाकाकडं जातो, तसा हात पोराकडं गेला होता. ती तिथंच उभी राहून विचार करत होती. त्या दिवशी ज्यानं हात लावला त्यानं दाव्यातलं ते वाक्य वाचलं असणारच. त्याला हे पोर दिसलं की काय होत असेल?

शेजारी एक मोठी निळी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"एवढ्या उन्हात पोराला घेऊन पायी कुठं, तोमासामावशी?" नोए हसत म्हणाला. "बसा. मी मादरीनाकडंच निघालोय."

मादरीना म्हणजे धर्ममाता, म्हणजेच ओफेलियाबाई. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातांवर धरलं होतं.

४

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. तोमासा तानोला मांडीवर घेऊन बसली. दारांना आपोआप कुलपं लागली, सगळ्याच नव्या गाड्यांना लागतात तशी.

नोए देखणा, गोडबोल्या. आई लवकर गेली, तो ओफेलियाबाईंच्या स्वैपाकघरातच वाढला. लिब्रादो आणि तो बरोबरीचे. फटाका हातात फुटून एकाची भुवई जळाली आणि दुसऱ्याच्या अंगठ्याचं नख कायमचं दुभंगलं, ही गोष्ट त्या घरात अजून हसत सांगायचे. दर रविवारी गोड पावांची पिशवी घेऊन यायचा, लिब्रादोच्या पायाशी बसायचा.

"बघा कसा बघतोय माझ्याकडं," तो म्हणाला. "असं सुंदर लेकरू अख्ख्या परगण्यात नाही. शप्पथ सांगतो."

आणि त्यानं हात लावला नाही.

तोमासा वाट बघत राहिली. सिग्नलला गाडी थांबली. नोएचे दोन्ही हात चाकावर, घट्ट. दुभंगल्या नखाचा अंगठा चाकावर टकटक वाजत होता. तानोनं स्वतःहून हात पुढं केला तर नोए दाराकडं सरकला.

तोमासानं आवाज शक्य तितका रडका ठेवला. तसाही रडकाच येत होता. "काय रे माणसं असतात! डोकं फोडलं ते फोडलं, पण आईच्या देखत एवढ्याशा पोराला धमकावायचं? त्याच्या डोक्यावर हात ठेवून? असल्या माणसाला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही."

"धमकावलं असं तुमच्या वकीलबाई म्हणतात."

"लिहिलंय तसं दाव्यात. पोराला मारणाराच तो, राक्षस."

"काहीच्या काही लिहितात!" नोएचा आवाज चढला. इतकं सगळं तो ऐकून घ्यायचा, चोर, मारेकरी, भेकड; रविवारच्या जेवणात त्याच्यासमोर हे शब्द किती वेळा बोलले गेले होते. हे एक मात्र त्याला सोसलं नाही. "मारायचं असेल तर कुणी हातमोजा काखेत धरून काढतं का? एवढं साधं कळत नाही त्या बाईला?"

तानो तोमासाच्या बांगडीशी खेळत होता.

हातमोज्याचं दाव्यात एक अक्षर नव्हतं. आरासेली दोन वर्षांत एकदाच बोलली होती, आज सकाळी, स्वैपाकघराच्या आत, तोमासापाशी.

तोमासानं खिडकीबाहेर बघितलं. ओफेलियाबाईंच्या गल्लीचं वळण आलं, आणि गेलं. गाडी नदीच्या बांधाकडं निघाली होती.

५

बांधावर चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडं उंच बोरू. नोएनं गाडी थांबवली. त्याच्या कमरेचं पिस्तूल सदऱ्याखालून वर आलं होतं. तोमासानं तानोचं डोकं स्वतःच्या छातीशी दाबून धरलं आणि मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेऊ लागली. भीतीनं नावंही उलटीसुलटी येत होती.

"तुम्ही कोर्टात किती वर्षं होतात, मावशी?"

"बरीच."

"म्हणजे शब्द धरून ठेवायची सवय."

"म्हातारी झाले रे. कानही गेले."

मग तानो म्हणाला, "पाणी." नोएनं बाटली उघडली आणि पोराच्या हातात न देता पुढच्या फळीवर ठेवली. त्याचा हात थरथरत होता. तो तोमासाला खिडकीशी बसलेल्या लिब्रादोच्या गुडघ्यांसारखाच वाटला, आणि त्याच क्षणी तिला रविवारच्या झटक्यांचं कारण कळलं.

"माझ्या तोंडून एक चुकार शब्द गेला, असं तुम्हाला वाटत असेल," नोए म्हणाला. "कोर्टात त्याला कोण विचारतं? कार्ड नाही, काही नाही." त्यानं गाडी वळवली आणि दोघांना ओफेलियाबाईंच्या फाटकाशी सोडलं. स्वतः उतरला नाही.

तोमासानं नाव सांगितलं तेव्हा ओफेलियाबाईंनी तिला घराबाहेर काढलं. "त्याचं डोकं मी पवित्र पाण्याखाली धरलंय! माझ्या ताटात जेवलाय तो! तू भित्री तर होतीसच, आता वेडीही झालीस." असं म्हणून दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच परत बोलावलं. तानो तापानं फणफणला होता. रडून रडून घसा बसलेला, औषध पोटात ठरत नव्हतं. नर्स म्हणाली, साथ आहे, घसा लाल झालाय. ओफेलियाबाईंनी ऐकून घेतलं आणि नर्स गेल्यावर अंडं घेतलं. पोराच्या कपाळावरून, छातीवरून, तळपायांवरून फिरवलं, क्रूस केला आणि पेल्यातल्या पाण्यात फोडलं. बलक तळाशी गेला आणि त्यावर पांढरा डोळा उमटला.

"दृष्ट," त्या म्हणाल्या. "काल ह्याचं कौतुक कुणीकुणी केलं?"

"आन्सेल्मोनं, हेर्मिलोनं. दोघांनी हात लावला."

"आणि?"

तोमासा पोराचं पांघरूण सारखं करू लागली.

"आणि, तोमासा?"

"नोएनं. त्यानं नाही लावला."

ओफेलियाबाई पेल्याकडं बघत राहिल्या. दृष्ट ज्याची लागली त्यानंच येऊन हात लावावा लागतो, दुसऱ्या कुणाचा उपयोग नाही. "तानोला न शिवायला त्याला झालं काय?" त्या पुटपुटल्या. "पोरगा लहानपणी दुसऱ्यांच्या कोंबडीच्या पिलांनासुद्धा हात लावून यायचा." मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या रडतील असं तोमासाला वाटलं, पण त्यांनी फोन उचलला.

"नोए, बाळा. तुझी दृष्ट लागलीय पोराला. ये, हात लाव. नाहीतर जाईल तो."

पलीकडून फोन बंद झाला. तोमासाला खात्री होती, तो येणार नाही. आणि आलाच तर कसा येईल, एकटा की तोंडं बांधलेले चार जण घेऊन, याची तिला खात्री नव्हती.

६

तो एकटा आला, मागच्या दारानं. पिस्तूल कमरेला होतंच. आरासेली पोराला घेऊन शेगडीपाशी उभी होती, त्याच शेगडीपाशी. "हा हात माझ्या लेकराला लागणार नाही," ती म्हणाली. तिलाही आता माहीत होतं.

"लागल्याशिवाय उतरणार नाही, पोरी," ओफेलियाबाई म्हणाल्या. "दे."

नोएचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉलेजात शिकलेला, सरकारचा माणूस, पण त्या तापलेल्या पोराकडं बघताना तो पुन्हा याच स्वैपाकघरातलं पोरकं पोर झाला होता. तोमासानं ते पाहिलं आणि तिला त्याची कीव आली. मग तिला स्वतःचाच राग आला.

त्यानं हात पुढं केला. ओफेलियाबाईंनी मनगट धरलं.

"थांब. दुसऱ्याची वस्तू जवळ लपवून दृष्ट काढली तर ती उतरत नाही. उलट दुप्पट होते. पोर हातचं जातं."

तोमासानं हे आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. असा काही नियमच नाही. ओफेलियाबाईंनी तो उभ्या उभ्या बनवला होता, आणि एवढ्या ठामपणे सांगितला की क्षणभर तोमासालासुद्धा खरा वाटला.

नोएचा डावा हात कमरेकडं गेला. आरासेलीनं पाठ फिरवून पोर झाकलं. तोमासानं डोळे मिटून घेतले.

टेबलावर काहीतरी टिचकीएवढं वाजलं. डोळे उघडले तर पाकीट उघडं होतं आणि शेजारी ते कार्ड.

"मोडायला घेतलं होतं," नोए म्हणाला. "पण त्यात लिब्रादोचा आवाज आहे, मादरीना. शेवटचा. मला मोडवेना."

"तू ऐकलास?"

"एकदाच. घर चुकलंय हे मला गाडीतच कळलं होतं. बोललो असतो तर पथकातले म्हणाले असते, हा त्यांच्यातलाच, ह्याला नातेवाईक वाचवायचेत. गप्प बसलो. वाटलं, बघून परत जाऊ. मग तानो हसला. एवढा गोड हसला की... मी हातमोजा काढला. लिब्रादोनं माझं नख पाहिलं. तो माझं नाव घेऊन हसला, मादरीना. त्याला वाटलं, आता सुटलो, आपला माणूस आहे." नोएनं दुभंगल्या नखाचा अंगठा मुठीत झाकला. "सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला त्याला फक्त गप्प करायचं होतं."

ओफेलियाबाईंनी मनगट सोडलं. "पोराला दृष्ट लागू नये एवढं कळत होतं तुला," त्या म्हणाल्या. "लाव हात."

त्यानं कपाळावर हात ठेवला. खिडकीशी लिब्रादोचे गुडघे गोधडीखाली उडू लागले, खुर्ची खडखडू लागली. त्याचे डोळे त्या अंगठ्यावर होते. आरासेली पोराला नोएच्या हाताखालून काढून घेऊन नवऱ्याकडं गेली आणि त्याच्या पायांवर स्वतःचं वजन टाकून बसली.

"कोर्टात सांगशील, मादरीना?" नोएनं दारातून विचारलं. "घर जाईल माझं, नोकरी जाईल. माझ्या पोरी आहेत."

त्यांनी दार लावून साखळी चढवली. संध्याकाळपर्यंत तानोचा ताप उतरला. नर्स म्हणाली, औषध लागू पडलं.

७

शुक्रवारी ॲशबीबाईंच्या तात्पुरत्या खोलीत कार्ड लावलं. पोराचं खिदळणं, दाराचा धडाका, इंग्रजीतल्या आरोळ्या. मग दोन वर्षांत त्या घरानं न ऐकलेला तो आवाज, मोकळा, जवळजवळ हसरा: "नोए? अरे, तू?" आणि लगेच शेगडीचा लोखंडी आवाज. आरासेली बाहेर निघून गेली.

"नोए नावाचे शंभर असतील," ॲशबीबाई म्हणाल्या. "हा कोणता, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. आणि ओफेलियाबाई, नाव दिलं म्हणजे दावा उभा राहील, एवढंच. जिंकू असं मी सांगत नाही. आणि तो तुमचा... म्हणजे, तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण उद्या काही उपयोग नाही."

तोमासा दुभाष्याच्या खुर्चीत बसली होती. ओफेलियाबाईंनी उजवा हात वर केला. डाव्या हातानं त्याचं कोपर धरलं. रस्त्यावर हेर्मिलोची पांढरी गाडी उभी होती. आज ती भर दिवसा, सगळ्यांच्या देखत उभी होती.

"त्या अधिकाऱ्याचं पूर्ण नाव काय?" ॲशबीबाईंनी विचारलं.

"नोए दे हेसूस आरिस्मेंदी."

"हेच त्याचं पूर्ण नाव, याची तुम्हाला खात्री आहे? कशावरून?"

"मीच ठेवलंय," ओफेलियाबाई म्हणाल्या. "पाद्रीनं विचारलं होतं, या बाळाचं नाव काय. त्याची आई रडत होती, तिला बोलवेना. तेव्हाही मीच सांगितलं होतं."

तोमासानं ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. ओफेलियाबाई हात खाली घ्यायचं विसरल्या होत्या.